मुकी डबी

थोरलीला गप्प बसणं जन्मात जमलं नव्हतं, पण या खेपेला ती तोंडात मिठाची गुळणी धरून बसली होती. बसेल नाहीतर काय! उभं आयुष्य औषधी तुपाच्या कढईपुढे गेलं आणि धाकट्या दिराने एका यंत्राच्या जोरावर तिला कारखान्यातून बाहेर काढलं.

यंत्र म्हणजे वास ओळखणारी डबी. आत धातूच्या ऑक्साइडचा तापणारा मणी. खवट तुपाची वाफ लागली की डबी बोंबलायची. दिराने थोरलीच्या बरण्या आधी स्पिरिटने पुसल्या आणि मग डबीपुढे धरल्या. स्पिरिटलाही ती बोंबलतेच! सासऱ्यांनी सगळ्यांदेखत थोरलीच्या हातून किल्ल्या घेतल्या. खरं काय ते तिला बरण्या धुणाऱ्या बाईने मागाहून सांगितलं, पण आता ऐकतो कोण?

मग दीर स्वतःच तूप कढवायला बसला. घाई नुसती! काढ्याचं पाणी पुरतं आटलंच नाही, तूप खवटलं. त्यात डबीचं झाकण हलत होतं, म्हणून पठ्ठ्याने ते सिलिकॉनच्या लुकणाने चिकटवलं. त्या लुकणाच्या वाफेने मणी कायमचा मरतो, हे माहितीपत्रकात ठळक छापलं होतं. थोरलीने ते वाचलं होतं, दिराने नाही. 'चिकटव बाबा, चांगलं चिकटव,' ती मनात म्हणाली.

रुग्णालयाच्या वैद्यबाई सासऱ्यांसमोर दिराचा पहिला माल बघायला आल्या. डबी गप्प.

"बघा, एकदम शुद्ध!" दीर म्हणाला.

बाईंनी बरणी हुंगली आणि नाक मुरडलं. "मला तर खवट वाटतंय."

"माणसाचं नाक फसतं हो, यंत्र नाही फसत."

पाणी द्यायच्या निमित्ताने थोरली आत आली. तिने पदराआडून स्पिरिटचा बोळा काढला आणि डबीला टेकवला. डबी हूं की चूं करेना.

"अगंबाई! माझ्या बरण्या तुम्ही याच स्पिरिटने पुसल्यात तेव्हा केवढी ओरडली होती, नाही का भावजी?"

दिराची मान खाली गेली. सासऱ्यांना काय समजायचं ते समजलं. त्यांनी किल्ल्या पुढे केल्या.

"राहू द्या मामंजी, आधी हे."

तिने त्याच बरणीतून चमचा काठोकाठ भरला आणि दिराच्या तोंडापुढे धरला. "औषध ना हे? गिळा."

त्याने बापाकडे पाहिलं. बाप खिडकीबाहेर बघत होता. डोळे मिटून त्याने तो घास गिळला, तेव्हा थोरलीला कितीतरी दिवसांनी बरं वाटलं.

तिने चमचा पुन्हा बरणीत घातला.