जैमलसिंगाची चढाई

मुलतान पडल्याची बातमी आणणाऱ्या स्वाराने दारातूनच सांगितलं होतं, "वहिनी, जैमलसिंगाने चढाई केली."

"कुठल्या बाजूला?" खेमकौरने विचारलं. स्वाराने नुसता हात वर केला आणि मान खाली घालून निघून गेला. वर म्हणजे काश्मीर, असं तिनं धरलं. ती दूरच्या डोंगरातली पोर, या गावात नवखी. लग्नानंतर जेमतेम वीस दिवस नांदली, तोच नवरा जैमलसिंग निहंगांच्या, म्हणजे शीख लढवय्यांच्या तुकडीत गेला होता.

पुढं काश्मीर आलं, पेशावर नमलं. लाहोरचं राज्य वाढत गेलं, तशी हिची वाटही लांबली. विजयाचे दिवे गावाबरोबर तीही लावी. सवाष्णीची लाल ओढणी मात्र उतरवीना. बाया चुकचुकत, पण तोंडावर कोण बोलणार?

दीर मेहताबसिंग एकदा चादर घेऊन आला. भावामागे वहिनीवर चादर घालून तिला आपली बायको करायची, ही तिथली रीत.

"लाज नाही वाटत? भाऊ असताना?"

"वहिनी, तो चढाई करून गेला ना?"

"मग? येईल की परत!"

दुःखानं हिचं डोकं फिरलं, असं समजून मेहताबनं चादरीची घडी घातली. पुढच्या वर्षी त्यानं दुसरीकडे लग्न केलं. माणूस चांगला होता हो, तिला आवडायचाही.

अकराव्या वर्षी एक म्हातारा निहंग दारात आला. "माई, सव्वा लाख फौज आलीय. बदाम आहेत का?"

तिनं त्याच्यामागे डोकावलं. "फौज कुठंय?"

"ही काय! आमचा एकटा म्हणजे सव्वा लाख. आणि बदाम म्हणजे चणे."

कित्येक दिवसांनी ती हसली. चणे देत म्हणाली, "अजून काय उलटं बोलता, बाबाजी?"

"मिरचीला भांडकुदळ म्हणतो. आणि आमच्यात कुणी मरत नाही, माई. तो चढाई करतो."

तिनं चण्यांची टोपली खाली ठेवली. "हे... सगळ्यांना ठाऊक असतं?"

"इथल्या शेंबड्या पोरालासुद्धा."

ती धावत शेजारी गेली. बसंतकौर सूत कातत होती.

"माझा नवरा मेला गं!" खेमकौरने हंबरडा फोडला.

"अगं बाई, त्याला अकरा वर्षं झाली की," बसंतकौर म्हणाली आणि तिनं पुन्हा चरखा फिरवला. सारं गाव केव्हाच रडून मोकळं झालं होतं.