कुडातला फर्मा

मित्रांनो, मी एक जुना फर्मा. होडी बांधताना तिच्या बरगडीचा बाक ठरवायला सुतार जी वाकडी फळी लावून बघतो, ती मी. माझी गोष्ट सरळ सांगता आली असती तर बरं झालं असतं. पण ती मला सुचली एका भिंतीच्या आत, अंधारात. बाहेर ओटीवर एक गुरुजी सरकारी फॉर्म मोठ्याने वाचत होते. प्रश्न होडीवाल्या कान्हा तांडेलाला होते. उत्तरं मीही मनातल्या मनात देत होतो. म्हणून ही गोष्ट रकान्यांत आहे. रकाने लहान आहेत. कुठेकुठे मी बाहेर सांडलो आहे.

जन्म

सन १९४७, पावसाळा. दिघीची खाडी. उंडीच्या झाडाखाली धर्माजी सुतारांचा मांडव होता. त्यांनी आंब्याची एक हलकी फळी निवडली, कोळशाने रेघ ओढली, आणि तिच्यावरून करवत अशी फिरवली की मी एकाच दुपारी वाकडा जन्मलो. मग काचेच्या तुकड्याने तासून गुळगुळीत केलं. शेवटी माझ्या बाकाच्या कडेला त्यांनी चाकूने सात खाचा पाडल्या.

व्यवसाय

होडीच्या मधल्या बरगडीला मी आहे तसा लागायचो. पुढची बरगडी काढताना धर्माजी मला एका खाचेने सरकवायचे, तिच्यापुढची काढताना दोन खाचांनी. असं सरकत सरकत मी नाळेपर्यंत, होडीच्या पुढच्या टोकापर्यंत, जायचो. अख्खी होडी माझ्या एकट्याच्या अंगात होती. कुठल्या बरगडीला कुठली खाच, हे मात्र फक्त धर्माजींना माहीत.

लोक होडीकडे बघून म्हणायचे, "धर्माजीबाबांचा हात लागला की लाकूड पोहायला शिकतं." मी मांडवात टांगलेला ऐकायचो आणि फुगायचो. आंब्याचं लाकूड पावसाळ्यात तसंही फुगतं.

जोडधंदा, असल्यास

गुपित राखणे.

हंगाम संपला की धर्माजी माझ्या सातही खाचा मेणाने बुजवायचे. वरून काजळी चोळायचे. दुसऱ्या सुताराची नजर पडली तरी त्याला नुसतं वाकडं फळकुट दिसावं! मुलगा हरेश्वर शिकायला बसला तेव्हासुद्धा मला त्याच्यापासून लांब ठेवून ते म्हणाले, "अजून वेळ आहे." हरेश्वर वाट बघून कंटाळला आणि मुंबईला गोदीत कामाला गेला.

बायकांनी फर्म्याला हात लावायचा नाही, असा त्या घरचा नेम होता. हरेश्वरची बायको सगुणा मापाच्या दोरीचं दुसरं टोक धरायची. हात दोरीवर, डोळे माझ्यावर. धर्माजी मला सरकवत, तेव्हा तिचे ओठ हलत. ती खाचा मोजत होती. हे मला दिसायचं, धर्माजींना नाही.

सध्याचा पत्ता

चुलीमागचा कूड, म्हणजे कारवीच्या काठ्यांवर माती लिंपलेली भिंत.

ते असं झालं. १९५७ साली धर्माजींना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. त्याच वर्षी ज्येष्ठातल्या वाऱ्याने चुलीमागची भिंत कोसळली. सगुणा तेव्हा बाळंतपणाला मुरुडला माहेरी होती. हरेश्वर चार दिवसांची रजा काढून आला. कारवीच्या काठ्या कमी पडल्या, म्हणून त्याने मांडवात शोधाशोध केली आणि मला खाली काढलं. उलटंसुलटं करून बघितलं. खाच एकही नाही. काजळलेलं वाकडं फळकुट.

"बाबा, हे घालतो आधाराला," तो म्हणाला.

धर्माजी खाटेवर होते. त्यांनी तोंड उघडलं. घशातून घरघर निघाली. डावा हात वर आला, बोट माझ्याकडे झालं, डोळ्यांतून धारा लागल्या.

हरेश्वरने त्यांचे डोळे पुसले. "रडू नका बाबा. घर उभं राहतंय की नाही बघा."

आणि त्याने पहिला ओला गिलावा माझ्या तोंडावर मारला.

तेथे किती काळ वास्तव्य?

सहा वर्षं.

भिंतीत दिवस नसतो. एका अंगाला चुलीची धग, दुसऱ्या अंगाला पावसाची ओल. श्वास घ्यायला जागा नाही, वळायला नाही, पडायलासुद्धा नाही. उन्हाळ्यात चूल पेटली की माझ्या खाचांतलं मेण पाझरायचं आणि मातीत जिरायचं. खालून वाळवी आली. ती घाई करत नाही. ती मला पायापासून खात होती, आणि मी मोजत होतो: सातवी खाच गेली. सहावी गेली. पाचवी गेली.

पलीकडे खाटेवर धर्माजी होते. त्यांचं डावं बोट रोज भिंतीकडे व्हायचं.

"वारा लागतोय का मामंजी?" सगुणा विचारायची आणि खिडकी लावायची. बोट तसंच. "दिवा डोळ्यांवर येतोय?" ती दिवा हलवायची. बोट तसंच. शेवटी ते बोट ती आपल्या ओंजळीत घेऊन खाली ठेवायची.

मित्रांनो, त्या घरात कोंडलेले आम्ही दोघं होतो. एक मातीत, एक अंगात.

दर उन्हाळ्यात त्या भिंतीला तडा जायचा, दरवर्षी त्याच जागी. सगुणा शेणमाती कालवून तो बुजवायची. "सगळ्या भिंती गपगुमान उभ्या राहतात, हिलाच कसला रुसवा!" असं पुटपुटत तिचा तळवा माझ्यावरून फिरायचा, मध्ये फक्त बोटभर माती. बायकांनी हात लावायचा नाही असा नेम होता ना? ती मला दरवर्षी कुरवाळत होती.

होडीचे वर्णन

हा रकाना कान्हा तांडेलाचा. १९६३चा वैशाख. त्याची होडी धर्माजींनी बांधलेली, माझ्याच अंगातली. किनाऱ्याला लागताना ती खडकावर बसली आणि मधल्या तीन बरगड्या मोडल्या. नवे सुतार आता इंजिनाच्या रुंद होड्या बांधत. ते म्हणाले, हा बाक आम्हाला येत नाही, होडी मोडून फळ्या काढ. सगुणा म्हणाली होती, "कान्हादादा, बरगड्या मी बसवते. खाचा माझ्या ध्यानात आहेत. मला फक्त फर्मा सापडू दे." कान्हाने नारळी पुनवेपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. त्यानंतर होडी मोडायची आणि हरेश्वरमागोमाग गोदीत जायचं.

सगुणाने माळा उपसला, मांडव उकरला, विहिरीमागची लाकडं उलथली. हरेश्वरला पत्र घातलं. उत्तर आलं: फर्मा मी पाहिला नाही. तो खरंच बोलत होता. त्याने पाहिलं होतं ते नुसतं फळकुट.

आणि त्या दिवशी बंदरात होडीची नोंद करायचा फॉर्म भरायला कान्हा अंबाजी गुरुजींना घेऊन आला. होडी नेमकी कधी बांधली, हे धर्माजींच्या घरीच कळणार.

"होडीचा आकार," गुरुजींनी वाचलं.

"लिवा, झकास," कान्हा म्हणाला.

"झकास हा आकार नाही रे."

"मंग तुमीच सांगा. आनि ह्या कागदाला फारम का म्हंत्यात, त्ये बी सांगा. सकाळपासून फारम फारम ऐकून कान किटलं."

गुरुजींना असं कुणी विचारलं की चष्मा पुसावा लागे. "अरे, शब्द मूळचा लॅटिन नावाच्या जुन्या भाषेतला. तिथे फोर्मा म्हणजे आकार. साचाही, आणि देखणं रूपही. त्याचा इंग्रजीत झाला फॉर्म. ज्याच्यात माहिती ओतायची तो कागद, फॉर्म. शाळेतला लांब बाक, त्यालाही ते फॉर्म म्हणतात. आपल्याकडे चांभाराचा फर्मा, छापखान्याचा फर्मा, धर्माजीबाबांचा फर्मा, सगळे त्याच घराण्यातले. पोर्तुगीजांच्या गलबतातून उतरला की इंग्रजांच्या, ते मला नक्की ठाऊक नाही."

मित्रांनो, भिंतीत मला माझं कूळ कळलं. मी ताठ झालो असतो, पण जागा नव्हती.

"आणखी एक गंमत," गुरुजी म्हणाले. "ससा गवतात एका जागी दबून बसतो ना? तो उठून गेला तरी गवतात त्याच्या अंगाचा खळगा राहतो. इंग्रज त्या खळग्यालाही फॉर्मच म्हणतात."

"म्हंजी सशाला बी फारम भरावा लागतो!" कान्हा खो खो हसला. "वहिनी, ऐकलंत का? ससा बी सुटला न्हाय!"

वहिनी हसली नाही. ती चहा घेऊन दारात थांबली होती. तिथून तिला चुलीमागची भिंत दिसत होती. भिंतीवर यंदाचा तडा होता, अजून न बुजवलेला. वरून येऊन होडीच्या बरगडीसारखा पोटाशी वळलेला, खाली निमुळता होत गेलेला.

तिने धर्माजींच्या बोटाकडे पाहिलं. मग तड्याकडे.

कप खाली ठेवल्याचा आवाज मी ऐकला.

"कान्हादादा, कोयता आण. ही भिंत फोडायची."

"कोयता? चा पिऊन आनतो की."

"आत्ता आण! आणि मामंजींची खाट ओटीवर घ्या दोघं."

"वहिनी, पाऊस तोंडावर आलाय. भिंत पाडून म्हाताऱ्याला कुठं ठेवनार?"

"तुझ्या होडीचं शीड बांधीन त्या जागी. आण म्हणते ना!"

ओळखीची खूण

माती ढासळली आणि उजेड माझ्यावर कोसळला. सहा वर्षांनी. सगुणाने मला दोन्ही हातांनी बाहेर ओढलं. तिला नेम आठवला नसावा. चार खाचा तिने बोटाने मोजल्या. पाचवीला बोट पोकळीत गेलं.

मी खालून संपलो होतो. माझ्या पायाची भुकटी तिच्या पदरात पडली.

"गेलं," कान्हा म्हणाला.

मला वाटलं, मला भिंतीतच राहू द्यायला हवं होतं. तिथे निदान कुणाची आशा तरी मोडत नव्हती.

सगुणा मात्र माझ्याकडे बघतच नव्हती. ती भिंतीच्या मागच्या अर्ध्या भागाकडे बघत होती. तो अजून उभा होता. हरेश्वरने ओला गिलावा दाबून बसवला तेव्हा मी धड होतो, आणि मातीने मला धड असतानाच धरून ठेवलं होतं. वाळवीने लाकूड खाल्लं होतं. खळगा तसाच होता, वरपासून खालपर्यंत. आणि त्याच्या कडेला, जिथे माझं मेण जिरलं होतं तिथे, पिवळट काळे डाग होते.

"गुरुजी, मोजा," ती डागांकडे बोट करत म्हणाली.

गुरुजींनी मोजले. "सात."

ज्या मातीला मी सहा वर्षं शिव्या दिल्या, तिने माझा आकार माझ्यापेक्षा नीट सांभाळला होता.

साक्षीदार

त्या खळग्यावर कागद दाबून सगुणाने आकार उतरवला आणि त्यावरून नव्या फळीचा फर्मा कापला. कागद जाड हवा होता. गुरुजींनी फॉर्मच उलगडून पुढे केला. "दुसरा आणू," ते म्हणाले. कान्हा म्हणाला, "आता लिवायची गरज न्हाय. आकार आला फारमात."

नवा फर्मा सगुणाने ओटीवर आणला आणि नेमाप्रमाणे धर्माजींच्या खाटेवर ठेवून हात मागे घेतला. धर्माजींनी डावं बोट त्याच्या कडेवरून फिरवलं. एक, दोन, तीन. सातव्या खाचेशी ते थांबले. मग त्यांनी तो फर्मा कसाबसा उचलला, आणि खाली न ठेवता सगुणाच्या हातात दिला.

नारळी पुनवेला कान्हाची होडी पाण्यात होती.

कायमचा पत्ता

मी अजून त्याच घरात आहे. पण भिंतीत नाही, भिंतीवर आहे. माझ्याशेजारी नवा फर्मा टांगलेला असतो, खाचांची बाजू सर्वांना दिसेल अशी. हंगाम संपला तरी त्या कुणी बुजवत नाही. येणारे सुतार बघतात, मोजतात, सगुणाला विचारतात. ती सांगते.

मित्रांनो, जुन्या वस्तूला तेल लावा, वाळवीपासून जपा, एवढं तर सगळेच सांगतात. माझं मागणं त्याच्या आधीचं आहे. जे येतं ते वेळेवर कुणालातरी सांगून ठेवा. मला भिंतीत हरेश्वरने कोंडलं, असं लोक म्हणतात. मला तर आठवतं, पहिलं मेण लागलं तेव्हाच अंधार पडला होता.

सही

हात नाहीत. चार खाचा आहेत. येऊन बोट फिरवा.