जिनतची न पाहिलेली गाडी

गेवराईत बसस्टँडमागं जिनतचं ब्लाऊज शिवायचं दुकान आहे. तिला साधी सायकल येत नाही. तरीही मोटारसायकलचं कर्ज बुडवलं म्हणून एका वसुली कंपनीनं तिच्यावर दावा लावला. कुणीतरी तिच्या आधार कार्डाच्या झेरॉक्सवर गाडी उचलली होती.

दाव्याच्या आधी नुसते फोन यायचे.

"मॅडम, हप्ता कधी भरता?"

"अहो, म्या ती गाडी बघितलीच न्हाई!"

"सगळे असंच म्हणतात."

पोलीस म्हणाले, कंपनीकडं जा. कंपनीवाले म्हणाले, आधी पोलिसांचा कागद आणा. नवरा अजीज थकला. "थोडंथोडं भरून टाकू. कटकट तरी जाईल."

जिनतनं कात्री आपटली. "काहून भरायचं? उद्या ट्रॅक्टर काढतील माझ्या नावावर!"

शेवटी दावा लागलाच. पहिल्या तारखेला कंपनीचा वकीलच आला नाही. दुसऱ्या तारखेला न्यायाधीश रजेवर. दोन्ही वेळा दुकान बंद. त्या दिवशी ती कोर्टातून तडक पोलीस ठाण्यात गेली.

"कोर्टाच्या कागदावर गाडी माझी हाय. नंबरबी हाय. मग ती हाय कुठं? शोधून द्या."

हवालदार हसला. जिनत बाकावर बसली ती हलेचना. संध्याकाळी फौजदार वनमालाबाई आल्या, त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि हवालदाराला म्हणाल्या, "हसताय काय? नंबर घ्या लिहून."

आठवड्याभरात गाडी युसूफ वडगावात सापडली. चालवत होता युवराज, ज्या शोरूममधून ती निघाली तिथलाच जुना एजंट. जिनतनं सिमकार्ड घेताना दिलेली झेरॉक्स त्यानं दुकानदाराकडून मिळवली होती. फोटो दुसऱ्याच बाईचा चिकटवला होता. त्यानं सगळं कबूल केलं.

पुढच्या तारखेला कंपनीच्या वकिलानं मान वर न करता दावा मागं घेतला. जिनतनं त्याला बाहेर गाठलं.

"वकीलसाहेब, एवढे दिवस मला कर्जबुडवी म्हणलात. आता काहीतरी बोला की."

"झालं ना बाई. सुटलात तुम्ही."

"सुटले? म्या अडकले कवा होते?"

तो मोबाईल कानाला लावून निघून गेला. अजीज मात्र खुशीत होता. "पेढे घेऊ का?"

"पेढे कशाचे?" जिनत म्हणाली. "नवं काय मिळालंय आपल्याला?" आणि तरातरा रिक्षाकडं चालू लागली.