पावणेदोनची साक्ष

साथीच्या त्या वर्षात घरांची दारं बंद झाली आणि फोन मात्र मोकाट सुटले. तिच्या नवऱ्याचा फोन रोज दुपारी एकला वाजायचा. पलीकडे त्याची धाकटी बहीण. तो आतल्या खोलीत जायचा, दार लोटून घ्यायचा आणि असा खदखदून हसायचा की बाहेर हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. उभा जन्म त्यानं पुस्तकबांधणीत घालवला. घरी आल्यावर "हं" आणि "वाढ" यापलीकडे शब्द नाही. एवढं हसू कुठल्या कपाटात ठेवलं होतं कोण जाणे!

त्या दिवशी तिनं अबोला धरला. सकाळी दहाला त्याच्यापुढे चहाचा कप आदळला, तेवढंच. एकला फोन वाजला, तेव्हा ती मुद्दाम मागच्या अंगणात जाऊन बसली. तीनला आत डोकावली तर तो पलंगाशी कलंडलेला. तोंड वाकडं, उजवा हात लुळा.

चारला ती दवाखान्यात होती. मेंदूचे डॉक्टर तिथं नव्हतेच. ते दूरच्या शहरात होते आणि इथं चाकांच्या गाडीवरच्या पडद्यातून बघत होते. मेंदूचा फोटो त्यांनी पाहिला होता.

"रक्तस्राव नाही, गुठळी आहे. यांना शेवटचं धडधाकट कधी पाहिलंत?"

"दहाला. मीच चहा दिला."

"म्हणजे सहा तास. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं. नंतर धोका फार."

प्लास्टिकच्या पोशाखात घामाघूम झालेली नर्स म्हणाली, "काकू, दहानंतर कुणाशी बोलले का ते?"

"घरात मीच होते," ती म्हणाली.

खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. माझ्या नवऱ्याचं मला ठाऊक नाही, त्याच्या बहिणीला विचारा, हे चारचौघांत कुठल्या तोंडानं म्हणायचं?

तो तिच्याकडे बघत होता. काहीतरी सांगायला गेला, तर नुसता घोगरा आवाज निघाला.

"थांबा," ती म्हणाली आणि त्याचा फोन काढला. यादीत बहीण सगळ्यात वर. ही खाली, 'घर' म्हणून.

"काय रे दादा, परत आठवण आली?"

"दादा नाही, मी. वन्सं, दुपारी फोन किती वाजता ठेवलात?"

"का गं वहिनी? आता त्यावरही पहारा का?"

"अहो, त्यांना लकवा मारलाय! डॉक्टर वेळ विचारतायत!"

"पावणेदोन. माझं दूध उतू गेलं म्हणून मीच ठेवला. घड्याळ समोरच होतं."

"बोलणं नीट होतं?"

"अगदी नीट. नकला करत होता."

"कुणाच्या?"

"...तुझ्या."

तिनं पडद्याकडे तोंड केलं. "डॉक्टर, पावणेदोनला हे माझी नक्कल करत होते. शब्द न् शब्द स्पष्ट. धडधाकटच होते!"

नर्स मास्कमागे खोकली. डॉक्टर हसले नाहीत. "मग वेळ आहे. लगेच द्या."

तासाभरानं पडद्यातून हुकूम आला, "आजोबा, उजवा हात उचला." हात थरथरला, चादरीवरून वीतभर उठला.

"फोनवरच्या बाईंचे आभार माना," डॉक्टर म्हणाले.

"मानते," ती म्हणाली, आणि तो शब्द तिला कारल्यासारखा लागला. मग नवऱ्याच्या कानाशी वाकली.

"बरे व्हा लवकर. पण ती नक्कल आधी मला दाखवायची. तिला नंतर."

त्याच्या ओठांची एक बाजू हलली. ते हसूच होतं. आज ते तिच्या वाट्याचं होतं.