सांगणाऱ्याचं नाव

"आता आईचं नाव टाकून शोधा," मुलगी म्हणाली.

त्याने शोधलं. पडद्यावर एकही गोष्ट आली नाही. त्याने नावातलं अक्षर न् अक्षर तपासलं, पुन्हा टाकलं. मग सांगणाऱ्यांपैकी दुसऱ्याच एकाचं नाव टाकून पाहिलं. तेही आलं नाही.

मुलांच्या ग्रंथालयाने या गोष्टी गावातल्या माणसांकडून ऐकून वर्षानुवर्षं जमवल्या होत्या. संगणकाचं काम पहिल्यापासून त्याच्याकडे होतं. त्याची बायको बालवर्गाची शिक्षिका. सगळे तिला बाई म्हणत, तोही. दर शनिवारी इथे मुलांना ती नवी गोष्ट सांगायची, आणि तीही या संग्रहात जायची. आता तिचे शब्द एकेक करून निघून चालले होते. लेकीकडे बघून हसायची, पण नाव ओठांवर यायचं नाही. डॉक्टर म्हणाले होते, तिच्याच गोष्टी तिला वाचून दाखवा, तेवढाच धागा राहिला तर राहील.

त्याने आपलाच जुना कोड उघडला. गोष्टी नव्या यंत्रणेत हलवताना लिहिलेला. वाचत वाचत तो एका ओळीपाशी थांबला.

"बाबा, असे पुतळ्यासारखे काय बसलात?"

"नावं आलीच नाहीत इकडे."

"म्हणजे?"

तो खुर्ची वळवून तिच्यासमोर बसला. लहानपणी तिला गणित समजावताना बसायचा, तसा.

"बघ, जुन्या गोष्टी एक्सएमएल नावाच्या फाइलीत होत्या. तिच्यातली प्रत्येक गोष्ट म्हणजे एक डबा धर. डब्यात दोन डब्या. एकीत शीर्षक, दुसरीत मजकूर. सांगणाऱ्याचं नाव मात्र झाकणावर. त्याला अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात."

"बरं."

"मी कोडला सांगितलं, डबा उघड, आतलं एकेक काढ आणि नव्या डब्यात ठेव. झाकणावरचं काही आत नसतं. ते डब्याचंच असतं, पण वेगळं मागावं लागतं. मी मागितलं नाही."

"मग नंतर तपासलं नाहीत?"

"तपासलं ना. जुने डबे मोजले, नवे मोजले. आतल्या डब्यासुद्धा. सगळं तंतोतंत जुळलं."

शेजारच्या टेबलावरून ग्रंथपालांनी मान वर केली. "काका, तो जुना संगणक तुम्हीच भंगारात द्यायला लावलात. म्हणालात, उगीच जागा अडवतोय." त्या टोमणा मारत नव्हत्या.

"आणि राखीव प्रत?" मुलीने विचारलं.

"तिच्यावर नवी प्रत चढवली. मीच."

मग मुलगी म्हणाली, "जाऊ दे. शीर्षकं बघून ओळखा. तुम्हाला तर आईच्या सगळ्या पाठ असतील."

शीर्षकं वर सरकत राहिली. रुसलेलं कासव. ढगाची चप्पल. घंटा हसली तेव्हा.

"ही असावी," तो म्हणाला. "नाहीतर ती वरची."

"बाबा, स्वयंपाक करताना ती मोठ्याने सांगून बघायची. तुम्ही तिथेच असायचात."

"असायचो. माझं काम चालू असायचं." तो तिच्याकडे वळला. "तुला आठवते एखादी?"

"सुरुवाती आठवतात. शेवटापर्यंत मी जागी कुठे असायचे?"

संध्याकाळी घरी त्याने छापून आणलेल्या गोष्टींचा गठ्ठा पलंगावर ठेवला. बाई खिडकीपाशी बसली होती. त्याने कासवाची गोष्ट सावकाश, शेवटापर्यंत वाचली.

"बाई, ही तुझी का गं?"

"हो," ती म्हणाली.

त्याने तो कागद जपून उजवीकडे ठेवला. ढगाची चप्पल वाचली.

"आणि ही?"

"हो."

उजवीकडचा ढीग वाढत गेला. डावीकडे एकही कागद नव्हता. दारातून बघणारी मुलगी आत निघून गेली.

त्याने चष्मा पुसला. मग उशाशी पडलेल्या औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद काढून उलगडला.

"कोरड्या जागी ठेवावे," त्याने वाचलं. "उन्हापासून जपावे. मुलांच्या हाती लागू देऊ नये." "बाई, ही?"

"हो," ती म्हणाली आणि खुर्चीतून थोडी पुढे सरकून, हनुवटी तळव्यावर टेकवून, पुढचं ऐकायला बसली.

त्याने कागद उलटला आणि मागची बाजू वाचायला लागला.