खंडेनवमीला आपोआप चालू झालेलं मशीन

पाळणाघरातलं कॅमेऱ्यांचं मशीन काही दिवसांपासून किंचाळायला लागलं होतं. दुपारी मुलं झोपली की त्याचे पंखे एकदम पूर्ण वेगानं सुटायचे आणि माझी आरोही दचकून उठून बसायची. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसून मोबाईलवर बघत होते. रोजच बघते. तास संपला की खडूचे हात पुसायच्या आधी मोबाईल उघडते. आरोहीलाही सांगून ठेवलं होतं, त्या वरच्या कॅमेऱ्याच्या पांढऱ्या गोट्यातून आई बघते, हात हलवायचा. ती हलवायची. जेवताना, झोपताना, पाळणाघरातली रत्नम्मा तिची चड्डी बदलत असतानाही.

पाळणाघर चालवणाऱ्या दानेश्वरीताईंनी एका संध्याकाळी मला थांबवलं.

"आरोहीच्या मम्मी, तुम्ही पुण्यात सर्व्हरच्याच कंपनीत होता की. जरा त्या मशीनकडं बघा ना. पृथ्वीराज म्हणतो, फर्मवेअरचा प्रॉब्लेम आहे. तो टाकतोय, पण टाकलं की आवाज आणखीनच वाढतोय."

पृथ्वीराज म्हणजे मशीन बसवणारा. इथंच सोलापुरात, नवी पेठेत त्याचं दुकान आहे.

"कधी येतो तो?"

"येतोय कशाला? दुकानातनंच करतो सगळं. लई हुशार पोरगा आहे."

दुकानातनंच, हा शब्द माझ्या डोक्यात अडकून बसला. खंडेनवमीला मला सुट्टी होती. आरोहीला घेऊन लॅपटॉपसकट तिथं गेले.

पाळणाघर भरतं ती जागा पूर्वी दानेश्वरीताईंच्या सासऱ्यांचा यंत्रमागाचा कारखाना होती. माग भंगारात गेले, पण सासूबाईंनी खंडेनवमी सोडलेली नाही. चंद्रव्वा त्यांचं नाव, आम्ही सगळे अव्वा म्हणतो. त्या दिवशी घरातलं प्रत्येक यंत्र धुऊन-पुसून पुजायचं, आणि मग दसरा उजाडेपर्यंत त्याला चालवायचं नाही. मिक्सर, शिलाई मशीन, पाण्याची मोटार, सगळं हळदी-कुंकू लावून गप्प बसलेलं. कॅमेऱ्यांचं मशीनही. त्याच्यावर झेंडूचं फूल होतं आणि कुंकवाची पाच बोटं. नारळाचं पाणी सांडून खालच्या फरशीवर चिकटा झाला होता, त्याला मुंग्या लागल्या होत्या.

"अव्वा, मी उघडून बघू का?"

"बघ की. पूस, झाड. पण चालू न्हाय करायचं आज. दमलंय ते."

झाकण काढलं. आत बेबी पावडर आणि धूळ मिळून करड्या कणकेसारखा थर झाला होता. त्यात केस. झुरळांची अंडी एका कोपऱ्यात, नीट रांगेत. पंखा सैल होता म्हणून त्याच्याखाली गुटख्याची रिकामी पुडी घडी करून खुपसलेली, आणि त्या पुडीचा वास अजून होता. मुलांच्या अंथरुणापासून हातभर अंतरावर. मी ओढणी नाकावर बांधली आणि जुन्या टूथब्रशनं झाडायला लागले.

खालचा बोर्ड स्वच्छ झाला तेव्हा कळलं की तो साधा नाहीच. कुठल्या तरी मोठ्या कंपनीनं फेकलेला सर्व्हरचा बोर्ड. कंपनीचं स्टिकर खरवडून काढलेलं, पण गोंद तसाच, आणि गोंदाला चिकटलेली एक माशी. दानेश्वरीताईंना हा नवा कोरा म्हणून दिलेला होता.

मग मागे लक्ष गेलं. नेटच्या वायरीच्या सॉकेटपाशी हिरवा दिवा लुकलुकत होता. संथ नाही, भराभर.

"अव्वा, हे बंद आहे ना?"

"सकाळीच बंद केलंय. दानेश्वरीनं केलं, मी उभी व्हते."

बंद होतं, पण पिन सॉकेटमध्येच होती. अशा बोर्डांवर एक छोटा दुसरा संगणक बसवलेला असतो. मोठं मशीन झोपलं तरी वीज आहे तोवर हा जागा राहतो. त्याची नेटची वायर वेगळी, पासवर्ड वेगळा. लांब बसलेल्या माणसाला त्याच्यातून मशीन चालू-बंद करता येतं आणि मशीनच्या पडद्यावर जे काही दिसत असेल ते सगळं बघता येतं. पुण्याला असताना मी दिवसभर हेच करायची, पण तिथं पडद्यावर आकडे असायचे. इथं पडदा उजळला की सगळे कॅमेरे आपोआप चौकटीत मांडले जातात. जेवणाची खोली, झोपेची खोली, आणि कपडे बदलायचा कोपरा. तो शेवटचा कॅमेरा आम्ही आयांनीच मीटिंगमध्ये मागून घेतला होता.

मी लॅपटॉप जोडला.

"चालू करतीस?" अव्वा दारातून बोलल्या.

"नाही अव्वा. नुसतं विचारतेय त्याला, काय दुखतंय."

"इचार."

त्या छोट्या संगणकाचं पान उघडलं. पासवर्ड कारखान्यातून येतो तोच, कुणी बदललेलाच नाही. एका मिनिटात मी आत होते, म्हणजे कुणीही आलं असतं. पंख्यांचं दुखणंही लगेच कळलं. दुसऱ्याच मॉडेलचं फर्मवेअर, म्हणजे बोर्ड चालवणारा आतला प्रोग्राम, टाकलेलं होतं. ते टाकायचं टूल अशा वेळी साफ नकार देतं, हे ह्या बोर्डाचं नाही म्हणून अडून बसतं. पृथ्वीराजनं जबरदस्तीचा पर्याय वापरून ते आत कोंबलं होतं, एकदा नाही, परत परत. त्यामुळे त्या बिचाऱ्या छोट्या संगणकाला मशीनचं तापमानच वाचता येईना, आणि तापमान कळेना की तो पंखे पूर्ण वेगानं सोडतो. घाबरट स्वभाव. मला त्याचा राग येईना. मीही तेच करते.

बोर्डाचा खरा नंबर बघून योग्य फाईल मी मोबाईलच्या नेटवरून उतरवून घेतली. टूलला दिली. टूल म्हणालं, थांबा, दुसरा वापरकर्ता आत आहे.

मी ते परत वाचलं. वापरकर्त्याचं नाव 'सर्व्हिस'.

आणि तेवढ्यात मशीन चालू झालं. आपोआप. पंखे किंचाळले, झेंडूचं फूल थरथरत खाली पडलं, झोपलेली दोन पोरं एकदम रडायला लागली. अव्वा पदर सावरत आत आल्या.

"पोरी, सांगितलं व्हतं की तुला."

"अव्वा, मी हात लावला नाही."

"मग कुणी? भूत आलं?"

दानेश्वरीताई धावत आल्या, त्यांच्या चेहऱ्यावरही मीच चोर. मी दोन्ही हात वर करून दाखवले, तेही पावडरीच्या चिखलानं भरलेले. पडद्यावर एकेक चौकट उजळत गेली. जेवणाची खोली. झोपेची खोली. कोपरा.

मी पृथ्वीराजला फोन लावला.

"बोला वैनी." मागे गर्दीचा आवाज, चहाच्या कपांचा आवाज.

"पाळणाघराचं मशीन तुम्ही चालू केलं का आत्ता?"

"व्हय, मीच. सकाळपासनं बंद दिसतंय की. दसऱ्याचं गिऱ्हाईक आलंय दुकानात, त्यास्नी क्लिअरिटी दाखवायची हाय. मोठ्या टीव्हीवर लावलंय. बेस्ट दिसतंय बघा."

मला आधी ते वाक्य पुरतं कळलंच नाही. मोठ्या टीव्हीवर. मी मान वळवली. समोरच्या कोपऱ्यात, त्या गोट्याच्या बरोबर खाली, रत्नम्मा आरोहीची ओली चड्डी काढत होती. आरोहीनं शर्ट वर धरला होता, कारण तो ओला होऊ नये असं मीच शिकवलंय. दुसरा हात तिनं वर केला आणि हलवला. आई बघते म्हणून.

फोनमध्ये कुणी तरी परका माणूस हसला. घसा खाकरत, पान खाल्लेल्या तोंडानं हसतात तसा.

"आरं, बाय बाय करतीय बघ ती. टाटा, बाळा, टाटा."

आणखी दोघंतिघं हसले.

मी नेटची वायर ओढून काढली. तिच्या टोकाची प्लास्टिकची कळ तुटून माझ्या बोटात आली.

"वैनी, गेलं की हो चित्र," पृथ्वीराज म्हणाला. "नेट गेलं का तुमचं?"

"किती दिवस दाखवताय हे?"

"डेमो हाय ओ. रोज कुटं. गिऱ्हाईक आलं की तेवढंच. बारकी पोरं हायत वैनी, त्यात काय एवढं? तुमी तर दिवसभर बघता मोबाईलवर."

मी फोन ठेवला. आरोहीला उचलून तिच्या अंगाभोवती माझी ओढणी गुंडाळली. ओढणीला झुरळांचा वास लागला होता, तरी गुंडाळली. मोरीत जाऊन थुंकले, चूळ भरली, पुन्हा थुंकले. त्या माणसाचं ते 'बाळा' कानातून जाईना.

परत आले तेव्हा दानेश्वरीताई मशीनसमोर हात बांधून उभ्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, अव्वांच्या समोरच.

"त्याला मी बोलते," त्या म्हणाल्या. "विचारायला पाहिजे होतं त्यानं. पण त्याचा हेतू वाईट नसेल हो. उलट त्याच्या दुकानात बघून दोन नवी ॲडमिशन्स आली आपल्याकडं."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांच्या पदराला सकाळच्या पूजेची हळद होती आणि हाताला मुलांच्या खिमटीचा भात. रोज माझ्या पोरीला भरवणारा हात. मला त्या हाताचीही शिसारी आली.

"आता आई लोकांचे फोन येतील कॅमेरा का बंद म्हणून," त्या म्हणाल्या. "तुम्ही ते फर्मवेअर नीट करा ना आरोहीच्या मम्मी. पासवर्ड बदला, म्हणजे तो नाही बघणार. झालं की मग."

खरं तर बरोबर होतं. योग्य फाईल टाकायची. टूल विचारतं, जुन्या सेटिंग्ज ठेवायच्या का, आणि 'हो'वर आधीच खूण असते. पृथ्वीराजनं ती कधी काढली नसावी, कारण बोर्ड फेकणाऱ्या कंपनीच्याही दोन वापरकर्त्यांची नावं आत तशीच पडलेली होती. पृथ्वीराज धरून तिघंही आत येऊ शकत होते, आणखी कोण कोण, देव जाणे. लॅपटॉपची वायर थेट मशीनला लावून मी खूण काढली. फाईल दिली. पट्टी हळूहळू भरायला लागली. पडद्यावर इशारा आला, काम संपेपर्यंत वीज बंद करू नये.

पंखे किंचाळतच होते. अव्वा माझ्या बाजूला खुर्ची ओढून बसल्या.

"ते काय लिवलंय?"

"वीज बंद करू नका म्हणतंय."

"केली तर?"

"अर्ध्यात राहील. बोर्ड मरेल. इथं सोलापुरात तरी कुणाला तो उठवता येणार नाही."

"आन् असंच होऊ दिलं तर?"

"सुधारेल. कॅमेरे लागतील परत."

"त्या बायका मोबाईलवर बघतील."

"हो."

"आन् तो?"

"पासवर्ड बदलला तर नाही. तेही ताईंनी त्याला पुन्हा दिला नाही तर."

अव्वांनी सुनेकडे बघितलं. दानेश्वरीताई फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, होईल पाच मिनिटांत, आमच्याच एक आई बघतायत. अव्वा उठल्या. भिंतीला धरत धरत मीटरच्या पेटीकडे गेल्या. मी पट्टीकडे बघत होते. निम्म्याच्या पुढे गेली होती. हाक मारायला वेळ होता. आरोही माझ्या मांडीवर ओढणीचं टोक चघळत होती, ते मी तिच्या तोंडातून काढून घेतलं.

"खंडेनवमी हाय," अव्वा म्हणाल्या, आणि मेन स्विच खाली ओढला.

पंखे थांबले. इतकी शांतता झाली की बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता ते ऐकू आलं.

"आत्या, हे काय केलंत," दानेश्वरीताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्ही तरी सांगायचं की."

"सांगितलं होतं," मी म्हणाले.

अव्वा पडलेलं झेंडूचं फूल उचलून परत मशीनवर ठेवत होत्या.

दानेश्वरीताईंनी स्विच परत वर केला, पण मशीन उठलं नाही. दिवाही लागला नाही. मी लॅपटॉप आवरला, आरोहीच्या सगळ्या वस्तू पिशवीत भरल्या, ताटलीसुद्धा, आणि घरी आले.

संध्याकाळी आयांच्या ग्रुपवर मी जे झालं ते सगळं लिहिलं. दुकान, टीव्ही, ते हसणं. वाटलं, आता फोन वाजत राहील. एकीनं रडका चेहरा टाकला. एकीनं लिहिलं, बापरे, काळजी घ्यायला हवी. मग पृथाच्या आईनं विचारलं, पण कॅमेरा कधी चालू होणार, मला ऑफिसात चैन पडत नाही. त्याच्याखाली पटापट अंगठे पडले. थोड्या वेळानं दानेश्वरीताईंचा मेसेज आला. सर्वांना दसऱ्याच्या शुभेच्छा. उद्या मुहूर्तावर नवीन मशीन बसवत आहोत. पृथ्वीराज आपल्या ओळखीचा आहे, त्याला नीट समज दिली आहे. त्यालाही अंगठे पडले.

मी फोन पालथा ठेवला. आरोहीनं चड्डी ओली केली होती. तिला पलंगावर आडवं केलं, पंखा बारीक केला. तिनं शर्ट वर धरला आणि छताकडे बघून हात हलवला. तिथं नुसता पंख्याचा हुक आणि एक पाल होती.

"कुणाला गं टाटा?"

"आईला," ती म्हणाली. मी तिच्यासमोर वाकून उभी होते, कोरडी चड्डी हातात घेऊन, आणि ती माझ्या खांद्यावरून वर बघत होती.