टाकीखालचा ओघळ

दातवाल्याचे सासरे कुणाचंही कौतुक करत नसत. म्हणजे अगदी कुणाचंही. लेकीच्या लग्नातलं जेवण कसं होतं, असं विचारल्यावर ते म्हणाले होते, "पोट भरलं." जावयाने सुट्ट्या खर्ची घालून बनवलेलं पुस्तकांचं कपाट त्यांनी वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "उभं आहे." जन्मभर रेल्वेचं डिझेल इंजिन चालवलेल्या या माणसाकडून याहून जास्त मिळायचं नाही, हे घरातल्या सगळ्यांनी केव्हाच मान्य केलं होतं. जावयाने मात्र केलं नव्हतं. ते कपाट त्याला अजून सलत होतं.

दातवाला हे त्याचं नाव पडलं होतं धंद्यावरून. तो कवळ्या बनवायचा. दवाखान्यातून जबड्यांचे साचे यायचे, तो त्यांवर दात बसवून परत पाठवायचा.

एकदा बायकोने बोलता बोलता सांगितलं, "बाबा इंजिन ताब्यात घ्यायचे ना, तेव्हा आधी भोवती एक फेरी मारायचे. सगळं मनासारखं असलं की त्याला दोनदा थोपटायचे आणि म्हणायचे, 'चला.' झालं कौतुक!"

"मला कधी थोपटणार ते?"

"तू आधी इंजिन हो."

ती हसून स्वयंपाकघरात गेली, पण दातवाल्याच्या डोक्यात चक्र सुरू झालं. आपल्याला इंजिन होता येणार नाही, पण करता तर येईल! सासऱ्यांच्या वाढदिवसाला अवकाश होता. त्याने त्यांच्या जुन्या इंजिनाच्या जातीचं छोटं मॉडेल जोडायचा एक संच मागवला. खोक्यातून निघाले प्लॅस्टिकचे करडे सांगाडे, पितळी तारा आणि डोळ्यांत तेल घालून शोधावे लागतील असे सुटे भाग.

मग खोलीचं कारखान्यात रूपांतर झालं. दातांना भोकं पाडायचं यंत्र आता इंजिनाच्या नाकाला भोकं पाडू लागलं. त्यांत तारेचे कठडे बसले. छपराच्या सांध्यात फट राहिली, ती त्याने हिरडीच्या गुलाबी मसाल्याने बुजवली. बायको डोकावून म्हणाली, "इंजिनाला कवळी बसवलीस का?" एक हॉर्न चिमट्यातून उडाला तो गालिच्यात गडप झाला. त्याच्यासाठी दातवाला अर्धा दिवस पोटावर सरपटला, आणि शेवटी तो सापडला त्याच्याच बाहीत. रंग चढला, पाण्यात भिजवलेले आकड्यांचे स्टिकर बाजूला चिकटले. आकडे अर्थातच सासऱ्यांच्या इंजिनाचे. अल्बममध्ये त्यांचा एक फोटो होता: गणवेशातले तरुण सासरे, मागे इंजिन. दातवाल्याने भिंग लावून तो फोटो इतका पाहिला होता, की झोपेतही सासरेच दिसायचे. इंधनाच्या टाकीच्या टोपणाखाली डाव्या बाजूला एक काळपट ओघळ दिसत होता. तोही त्याने तेलात भुकटी कालवून बारीक कुंचल्याने हुबेहूब ओढला.

इथेच थांबला असता तर बरं झालं असतं. पण त्याने ते हौशी मॉडेलवाल्यांच्या मंडळात नेऊन दाखवलं. तिथे एक टोपीवाला होता, त्याचा शब्द शेवटचा. तो म्हणाला, "फारच चकाचक आहे हो! मळवल्याशिवाय इंजिन खेळणंच वाटतं." फोटोतलं इंजिन तर स्वच्छ दिसत होतं. पण उन्हात मळ दिसत नसेल, अशी दातवाल्याने स्वतःची समजूत घातली आणि काजळीची, गंजाची, धुळीची भुकटी हात सैल सोडून वापरली. छप्पर काळं झालं, काचा धुरकटल्या, चाकं तपकिरी झाली. त्याला ते इतकं खरं वाटलं की स्वतःचाच हेवा वाटला.

वाढदिवसाच्या दिवशी पाहुणे संध्याकाळी यायचे होते. भुकटी पक्की करणारा पारदर्शक थर दुपारी मारू, असं ठरवून तो केक आणायला गेला. परत आला तर दारात सासऱ्यांच्या चपला!

"बाबा लवकर आलेत," बायको म्हणाली. "तुझ्या खोलीत बसलेत."

केक तिच्या हातात कोंबून दातवाला धावला. सासरे टेबलाशी चष्मा नाकावर ओढून बसले होते. पुढे पाण्याची वाटी, कान साफ करायच्या काड्यांचा काळाकुट्ट ढीग, आणि मधोमध इंजिन. लखलखीत.

"या," सासरे म्हणाले. "काय अवस्था केली होतीत इंजिनाची? असलं इंजिन मी कधी शेडबाहेर काढलं नाही. लाज वाटली असती."

दातवाल्याला खरोखर रडू येईल असं वाटलं. इतक्या दिवसांची मेहनत एका वाटीभर पाण्यात! जोडीला तेच जुनं सासरेपण. त्याने इंजिन उचललं. एकही कठडा वाकला नव्हता, एकही वायपर निखळला नव्हता. वळवून डावी बाजू पाहिली आणि तो थबकला. टोपणाखालचा ओघळ तसाच होता. बोट लागलं असतं तरी पुसला गेला असता.

"हा राहिला," तो म्हणाला.

"राहिला नाही, ठेवला." सासऱ्यांनी चष्मा काढला. "ते टोपण कधी धड बसलंच नाही. शेडमध्ये सांगून सांगून थकलो. बाकीचं मी रोज पुसायचो, पण हा ओघळ पुन्हा हजर. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. फोटोत दिसला."

"फोटोत," सासरे म्हणाले. त्यांचे डोळे ओले झाले होते आणि ते त्यांनी लपवलं नाही.

मग ते उठले. टेबलाभोवती सावकाश एक फेरी मारली. इंजिनावर हात नेला, पण छपरावरचे हॉर्न केसाएवढ्या तारेवर उभे होते. हात हवेत थांबला, वळला आणि जावयाच्या पाठीवर दोनदा पडला.

"चला," सासरे म्हणाले.

"कुठे चाललात?" बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "केक कोण कापणार?"

दोघांपैकी कुणीही जागचं हललं नाही.